घोस्टबस्टर्स, १९८४चा आणि २०१६चा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-साताऱ्याकडची चित्रपट मंडळं, कॉलेजचे ग्रुप आणि गच्चीवर पडदा बांधून सिनेमा बघणारी घरं यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. दोन्ही चित्रपट लागोपाठ लावायचा बेत असेल तर शेवटच्या भागातली तांत्रिक उत्तरं आधी वाचा. गोष्टीतले सगळे टप्पे इथे उघड केले आहेत. मूळ चित्रपट अजून पाहिला नसेल तर तो बघून मग परत या.

२०१६चा चित्रपट पुढचा भाग आहे की नवी सुरुवात?

नवी सुरुवात. या चित्रपटाच्या जगात १९८४ची घटना घडलेलीच नाही. न्यूयॉर्कमध्ये भुतं पकडणारं कुणी कधी नव्हतंच, असं धरून चौघी बायकांची गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. गोंधळ उडाला तो जाहिरातीमुळे. मार्च २०१६मध्ये आलेल्या पहिल्या ट्रेलरची सुरुवातच 'तीस वर्षांपूर्वी चार शास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क वाचवलं' अशा अर्थाच्या मजकुरानं होते. ते वाचून कुणालाही वाटेल की जुन्या चौघांच्या मुली किंवा शिष्या येणार. चित्रपटात तसं काहीच नाही. प्रेक्षक एका गोष्टीची वाट बघत थिएटरात गेला आणि समोर दुसरीच गोष्ट आली.

मूळ चित्रपटात एवढं काय आहे?

धंदा आहे. हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण १९८४च्या घोस्टबस्टर्सची सगळी गंमत तिथेच आहे.

विद्यापीठानं हाकललेले तीन प्राध्यापक भुतं पकडायचं दुकान टाकतात. भांडवल कुठून येतं? एकाच्या आईवडिलांचं घर गहाण टाकून, १९ टक्के व्याजानं. जागा म्हणजे अग्निशमन दलाचं पडीक ठाणं. गाडी १९५९ची जुनी कॅडिलॅक, तीही डागडुजीला आलेली. पहिलं मोठं काम हॉटेलात मिळतं. तिथे ते भूत पकडतात, पण नाचघराची वाट लावतात. मग मॅनेजरला बिल देतात: पकडण्याचे ४,००० डॉलर, साठवणुकीचे १,०००. मॅनेजर पैसे द्यायला नकार देतो, तेव्हा भूत परत सोडून देण्याची तयारी दाखवतात. कुठल्याही प्लंबरचं आणि घरमालकाचं होतं तसंच हे भांडण. फरक इतकाच की पिंजऱ्यात भूत आहे.

चौथा गडी विन्स्टन येतो तो नोकरीच्या जाहिरातीवर. तुझा भुताखेतांवर विश्वास आहे का, असं विचारल्यावर त्याचा सूर असा की पगार वेळेवर मिळत असेल तर तुम्ही म्हणाल त्यावर विश्वास आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत मुलाखतीला बसलेला कुणीही त्याला लगेच ओळखेल.

दुसरी गोष्ट नियमांची. त्यांची यंत्रं कशी चालतात हे गोष्टीत एकेक करून सांगितलं जातं. पाठीवरच्या यंत्रातून किरण सोडून भुताला धरायचं, जमिनीवरचा सापळा उघडून त्यात ओढायचं, मग तो सापळा तळघरातल्या साठवणीत रिकामा करायचा. एक नियम कडक आहे: दोघांचे किरण एकमेकांना छेदू द्यायचे नाहीत. हे हॉटेलातल्या पहिल्याच कामाच्या वेळी बजावलं जातं. शेवटी राक्षस समोर उभा असताना तोच नियम मुद्दाम मोडावा लागतो. आधी भीती नीट पेरली आहे, म्हणून शेवटी जीव मुठीत येतो.

तळघराच्या साठवणीबद्दल इकडच्या प्रेक्षकांना वेगळं सांगावं लागत नाही. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, तसलाच हा प्रकार. सरकारी पर्यावरण खात्याचा अधिकारी परवान्याचा मुद्दा काढून साठवणीची वीज बंद करायला लावतो, आणि भुतांचं अक्षरशः पेव फुटतं. मराठी सबटायटल करणाऱ्यांनी हा वाक्प्रचार इथे जरूर वापरावा, इतका तो चपखल बसतो. या अधिकाऱ्याचं म्हणणं मुळात चूकही नाही. शहराच्या मधोमध विनापरवाना अणुयंत्र कोण चालू देईल? अशा बाजू असलेल्या माणसामुळे संघर्ष खरा वाटतो.

मग २०१६मध्ये नेमकं काय बिघडलं?

तमाशाच्या भाषेत सांगायचं तर बतावणी रंगली आणि वग राहून गेला.

पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्यामुळे गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम या भागात समजावून सांगायची गरज नाही. बतावणीत सोंगाड्या वाटेल तिकडे भरकटू शकतो, कारण तिथे गोष्ट थांबलेलीच असते. वग सुरू झाला की त्याच सोंगाड्याला गोष्टीच्या आत राहून हसवावं लागतं. राजाचा प्रधान म्हणून उभा असेल तर प्रधान म्हणूनच. २०१६चे दिग्दर्शक पॉल फीग यांची पद्धत अशी की प्रसंग लिहिलेला असतो, पण कलाकारांना ऐन वेळी सुचलेले विनोद टाकायची मुभा असते, आणि त्यातले निवडक संकलनात ठेवले जातात. लग्न, मैत्री, ऑफिस अशा विषयांच्या विनोदी चित्रपटात ही पद्धत छान चालते. भुताच्या चित्रपटात ती अडचणीची ठरते.

कारण साधं आहे. समोर भूत असताना पात्र विनोद करत राहिलं तर त्याला भीती वाटत नाही, असा अर्थ होतो. पात्राला भीती नाही तर प्रेक्षकाला कुठून येणार? १९८४मध्ये बिल मरे सतत टोमणे मारतो हे खरं, पण त्याच्या शेजारी हॅरल्ड रॅमिस आणि डॅन अ‍ॅक्रॉइड पूर्ण गांभीर्यानं उभे असतात. चौघांत एक जण चेष्टा करतो, बाकीचे काम करतात. २०१६मध्ये चौघीही चेष्टा करतात. मग काम कोण करणार?

स्वागतकक्षातल्या केविनचं उदाहरण घ्या. ख्रिस हेम्सवर्थनं ते पात्र मनापासून केलं आहे. चष्म्याला काचाच नाहीत, मोठा आवाज झाला की कान सोडून डोळे झाकतो, असे विनोद आहेत. पहिले दोन छान उतरतात. पण हा माणूस इतका बिनडोक आहे की खऱ्या जगात तो एक दिवसही नोकरीत टिकणार नाही. तो टिकतो, याचा अर्थ हे जग खरं नाही, हे प्रेक्षकाला कळून चुकतं. एकदा ते कळलं की पुढची भुतंही खोटीच. जुन्यातली स्वागतकक्षातली जनीन आठवा: कंटाळलेली, फोनवर खेकसणारी, पण काम करणारी. अशी बाई साताऱ्यातल्या कुठल्याही जुन्या ऑफिसात सापडेल.

यंत्रांच्या नियमांचंही तेच. मधल्या भागात एक शास्त्रज्ञ गल्लीत नवी नवी हत्यारं मांडून दाखवते: हातमोजा, पिस्तूल, भूत भरडणारं यंत्र. बघायला मजा येते. पण भूत पकडायचं असतं की फोडायचं असतं, हा नियमच इथे मोडीत निघतो. टाइम्स स्क्वेअरच्या मारामारीत भुतं नुसती फुटत जातात. कशानं फुटतात, कशानं नाही, हे आधी ठरलेलं नाही. मग कुणी संकटात आहे असं वाटतच नाही. अखेरच्या संकटावरचा उपायही असाच आयत्या वेळी पुढे येतो. त्याची पेरणी इतकी पुसट आहे की बघणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आणि धंदा? सुरुवातीला अग्निशमन ठाण्याचं भाडं परवडत नाही, म्हणून त्या चिनी हॉटेलाच्या वर बिऱ्हाड थाटतात. ही पेरणी उत्तम होती. पण पुढे बिल, उधारी, काहीच येत नाही. शेवटी महापौरांच्या कार्यालयातून पैसा मिळतो आणि प्रश्न सुटतो. ज्या मातीत मूळ चित्रपट उगवला ती मातीच इथे नाही.

बायका घेतल्या म्हणून चित्रपट पडला का?

नाही. वर सांगितलेल्या एकाही दोषाचा कलाकार पुरुष आहेत की बायका याच्याशी संबंध नाही. हेच संवाद, हाच नियमांचा घोळ आणि हाच शेवट चार पुरुषांना दिला असता तरी चित्रपट एवढाच सैल झाला असता.

चित्रपट येण्याआधीच इंटरनेटवर झुंडीनं नापसंतीचा मारा झाला, हेही खरं आहे. त्याचा ट्रेलर यूट्यूबवर सर्वाधिक नापसंती मिळालेल्या चित्रपट ट्रेलरांत गेला. जुलै २०१६मध्ये लेस्ली जोन्स या अभिनेत्रीला ट्विटरवर इतक्या घाणेरड्या वर्णद्वेषी शिव्या सोसाव्या लागल्या की तिनं काही काळ ते सोडलं. त्या झुंडीचं समर्थन होऊच शकत नाही. त्या गदारोळात एक नुकसान असं झालं की चित्रपटावर सरळ बोलणं अवघड झालं. नावडला म्हटलं की तुम्ही झुंडीतले, आवडला म्हटलं की तुम्ही दुसऱ्या गटातले. आता इतक्या वर्षांनी तरी पटकथा म्हणून त्याकडे बघता यायला हवं. चर्चा ठेवणार असाल तर सूत्रसंचालकानं हा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत मांडून टाकावा. नाहीतर पूर्ण तास त्यातच जातो.

त्यात चांगलं काहीच नाही का?

आहे. केट मॅकिनननं केलेली होल्ट्झमन ही खरोखर नवी व्यक्तिरेखा आहे, जुन्या कुणाची नक्कल नाही. सुरुवातीचा जुन्या हवेलीतला प्रसंग भीती आणि हसू दोन्ही नीट सांभाळतो. पुढचा सगळा चित्रपट त्या दहा मिनिटांसारखा असता तर ही प्रश्नोत्तरं लिहावी लागली नसती. लेस्ली जोन्सची पॅटी भुयारी रेल्वेत काम करते आणि तिला शहराचा इतिहास पाठ आहे. ही कल्पनाही सुरेख आहे, पण लेखकांनी ती दोन-तीनदाच वापरली. क्रिस्टन विग आणि मेलिसा मॅकार्थी यांच्या तुटलेल्या मैत्रीचा धागाही चांगला आहे. तो कुठे हरवला, हे आवृत्तीच्या प्रश्नात सांगितलं आहे.

जुने कलाकार मधेमधे दिसतात. ते का खटकतं?

बिल मरे, डॅन अ‍ॅक्रॉइड, अर्नी हडसन, सिगर्नी वीव्हर, अ‍ॅनी पॉट्स हे सगळे दिसतात, पण जुन्या भूमिकांत नाहीत. मरे भुतं खोटी ठरवणारा माणूस होतो, अ‍ॅक्रॉइड टॅक्सीवाला, हडसन पॅटीचा काका. प्रत्येक वेळी गोष्ट थबकते, प्रेक्षकानं ओळखावं म्हणून कॅमेरा वाट बघतो, मग गाडी पुढे सरकते. जुनी गोष्ट इथे घडलेलीच नसेल, तर हे चेहरे गोष्टीला काहीच देत नाहीत. उलट मूळ चित्रपटाची आठवण ताजी करतात, आणि त्या तुलनेत नवा हरतो. रॅमिस फेब्रुवारी २०१४मध्ये गेले. विद्यापीठाच्या प्रसंगात त्यांचा अर्धपुतळा ठेवला आहे. तो एवढाच उल्लेख मनाला भिडतो, कारण त्यासाठी गोष्ट थांबत नाही.

चाळीस वर्षांपूर्वीची भुतं अजून खरी का वाटतात?

सेटवर खरोखर काहीतरी घडत होतं म्हणून. ग्रंथालयाच्या पहिल्या प्रसंगात कार्डांचे खण उघडतात आणि कार्डं कारंज्यासारखी उडतात. त्यासाठी खणांच्या मागून नळ्यांतून हवेचा झोत सोडला होता. हॉटेलातलं हिरवं खादाड भूत म्हणजे फोमच्या पोशाखातला माणूस, काळ्या पडद्यासमोर चित्रित केलेला. शेवटी रस्त्यावर पडणारा पांढरा चिकटा म्हणजे दाढीचा फेस. तो माणसाच्या अंगावर आदळतो तेव्हा त्याचं वजन दिसतं, कारण वजन खरंच होतं. हे काम रिचर्ड एडलंड यांच्या चमूनं केलं आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

२०१६मध्येही सेटवर दिवे लावलेले कलाकार भूत म्हणून वापरले होते, म्हणजे मेहनत कमी नव्हती. पण नंतर सगळ्यांवर निळ्या-हिरव्या निऑनचा एकच लेप चढला. खवीस, हडळ, मुंजा, वेताळ यांना आपण नावं दिली, कारण प्रत्येकाची खोड वेगळी, जागा वेगळी, उतारा वेगळा. इथली भुतं एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसतात.

तोटा किती झाला?

निर्मितीखर्च १४.४ कोटी डॉलर, जगभरातली तिकीटविक्री सुमारे २२.९ कोटी. वरवर बघता नफा वाटतो, पण तिकिटाच्या पैशातला साधारण निम्माच भाग स्टुडिओकडे येतो, आणि जाहिरातीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. १९८४च्या चित्रपटाला अडीच-तीन कोटी डॉलर लागले होते आणि एकट्या अमेरिकेत पहिल्याच फेरीत त्यानं जवळपास २२.९ कोटी मिळवले. बत्तीस वर्षांची महागाई मधे असताना आकडा तोच.

मराठीत याच्याशी ताडून बघता येईल असं काही?

'झपाटलेला' (१९९३). पोरंसोरं तात्या विंचूला घाबरली ती बाहुल्याच्या चेहऱ्यामुळे, हे तर झालंच. पण गोष्ट घट्ट बसली ती नियमामुळे: तात्या विंचूला भ्रूमध्यावर गोळी लागली तरच तो मरणार. हा नियम कळल्यापासून प्रेक्षक प्रत्येक झटापटीत त्या जागेकडे बघत राहतो. लक्ष्मीकांत बेर्डे कितीही हसवोत, ते घाबरलेले आहेत याबद्दल शंका नसते. न्यूयॉर्कच्या किरण छेदण्याच्या नियमाची आणि या भ्रूमध्याची जात एकच.

२०१६ची कोणती आवृत्ती बघावी?

दोन आहेत: थिएटरात आलेली सुमारे ११७ मिनिटांची, आणि वाढीव सुमारे १३४ मिनिटांची. एकदाच बघणार असाल तर छोटी. अभ्यासासाठी बघणार असाल तर वाढीव.

छोट्या आवृत्तीत एक उघडी भेग आहे. शेवटच्या संकटाआधी एरिन (क्रिस्टन विग) बाकीच्या तिघींसोबत का नाही, हे धड कळत नाही. वाढीव आवृत्तीत त्यांचं बिनसतं आणि ती बाहेर पडते, म्हणून परत येण्याला अर्थ येतो. दुसरी भेग पोलीस आणि सैनिकांची. खलनायक त्यांना एका नाचाच्या पवित्र्यात गोठवतो आणि पुढे काहीच होत नाही. तो नाच संकलनात कापून अखेरच्या नामावलीखाली लावला आहे. म्हणून नामावली सुरू झाली की दिवे लावू नका.

दोन्ही लागोपाठ लावायचे तर वेळापत्रक कसं ठेवावं?

आधी १९८४चा, नेहमी. तो १०५ मिनिटांचा आहे. बंद सभागृहात ५ वाजता सुरू करा, १० मिनिटांचं मध्यंतर धरून ६:५५ला संपेल. पाऊण तासाच्या आत माणसं परत बसवायची असतील तर चहा-भडंग सभागृहाच्या दारातच ठेवा, बाहेर पाठवू नका. भडंगाच्या पुड्या मात्र आत नेऊ देऊ नका. ग्रंथालयाचा पहिला प्रसंग शांततेवर उभा आहे आणि कागदाची चुरचुर तो मारते. ७:३०ला दुसरा सुरू केला की ९:४०च्या आत संपतो.

मध्यंतर कुठे घ्यायचं हे आधी ठरवा. जुन्यात, भूत मागे लागलेला लुईस उपाहारगृहाच्या काचेवर थापा मारतो आणि आत जेवणारे क्षणभर बघून परत जेवू लागतात, तिथे. नव्यात, भुतं खोटी ठरवायला आलेला माणूस खिडकीतून बाहेर फेकला जातो, तिथे.

उघड्यावर लावणार असाल तर दोन्ही एका रात्रीत बसत नाहीत. मे महिन्यात इकडे सात वाजेपर्यंत उजेड असतो, पडद्यावर नीट दिसायला साडेसात होतात, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. एकच निवडा. साताऱ्यात जून ते सप्टेंबर उघड्यावरचा विचारच नको. एरवीही डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्यानं पडदा शिडासारखा फुगतो. खालच्या कडेला नळी शिवून त्यात पाऊण इंची पाइप सरकवला आणि दोन्ही टोकं दोरीनं ताणली की तो ताठ राहतो.

संगीत दणदणीत येतं, पण संवाद ऐकूच येत नाहीत. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ध्वनी सहा वाहिन्यांत असतो: पुढे डावी, मधली, उजवी, मागे दोन, आणि एक खर्जाची. संवाद जवळपास पूर्ण मधल्या वाहिनीत असतात. मंडपवाल्याचे दोनच स्पीकर असतात. यंत्र सहा वाहिन्या पाठवत राहिलं तर मधल्या वाहिनीला स्पीकरच नसतो आणि संवाद हवेत विरतात.

लॅपटॉपच्या ध्वनी सेटिंगमध्ये 'स्टिरिओ' निवडा. मधे रिसीव्हर असेल तर त्याच्या स्पीकर यादीत मधला स्पीकर 'नाही' असा करा, म्हणजे तो संवाद डाव्या-उजव्यात वाटून देतो. तरीही आवाज घुमत असेल तर दोष बहुधा सभागृहाचा. मिक्सरवरचं खर्ज कापणारं बटण दाबा, खालचा खर्ज आणखी उतरवा. सगळा आवाज वाढवत नेणं हा उपाय नाही, त्यानं घुमणंच वाढतं.

मराठी सबटायटल मागेपुढे होतात. दुरुस्त कसं करायचं?

आधी रोग ओळखा. तीन प्रकार असतात.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर सोपं आहे. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी सबटायटल ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यानं मागेपुढे सरकतात.

फरक हळूहळू वाढत जात असेल तर चित्रगती जुळत नाही. फाइल सेकंदाला २५ चौकटींच्या हिशोबानं केलेली आणि चित्रपट २३.९७६वर चाललेला, असं बहुतेक वेळा असतं. तासाला जवळपास अडीच मिनिटांचा फरक पडतो. इथे सरकवून काही होत नाही, सबटायटल संपादकातून चित्रगती बदलून फाइल नव्यानं जतन करावी लागते.

ठरावीक जागी एकदम उडी मारत असतील तर आवृत्तीच वेगळी आहे. २०१६च्या बाबतीत हे हमखास होतं, कारण छोट्या आवृत्तीची फाइल वाढीव आवृत्तीला लावलेली असते.

अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर सबटायटलची एसआरटी फाइल 'यूटीएफ-८' या अक्षरसंकेतात जतन करा आणि प्लेअरमध्ये देवनागरी असलेला टंक निवडा. जोडाक्षरं तुटत असतील तर टंक बदलूनच सुटतं.

सबटायटल लिहिताना कुठे अडतं?

ट्विंकीवर. शहरातली भुताटकी किती वाढली हे सांगताना एक शास्त्रज्ञ ट्विंकी हा क्रीम भरलेला केक हातात धरतो, आणि आताच्या हिशोबानं तो ३५ फूट लांब आणि ६०० पौंड वजनाचा झाला असता, असं सांगतो. नाव बदलू नका, 'क्रीमचा केक' एवढं जोडा आणि वजन किलोत द्या: पावणेतीनशे किलो. स्टे पफ्ट हा शेवटचा राक्षस म्हणजे मार्शमेलोच्या पाकिटावरचं चित्र. ते पाकीट आधी डेना या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात दिसतं, ते प्रेक्षकांना दाखवून द्या. अंगावर पडणाऱ्या द्रवाला 'चिकटा' पुरतो.

प्रोजेक्टर आणि पडदा किती मोठा?

बारा फूट रुंद पडदा शंभर माणसांना पुरतो. दोन्ही चित्रपट रुंद चौकटीचे आहेत, त्यामुळे बारा फूट रुंदीत चित्राची उंची पाच फूटच येते आणि वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. तो बिघाड नाही. चित्र ताणून पट्ट्या घालवू नका, माणसं लांबुडकी दिसतात. २०१६च्या त्रिमिती आवृत्तीत भुतं आणि किरण मुद्दाम या पट्ट्यांवर येतात, तेही बरोबरच आहे.

३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर अंधाऱ्या सभागृहात बारा फुटांना व्यवस्थित चालतो. दिवा जुना झालेला असेल तर निम्मा उजेड गेलेला असतो. जुन्या चित्रपटात अंधाराचे प्रसंग खूप आहेत, म्हणून तपासणी त्यातल्याच एखाद्यावर करा. अंतराचं गणित: प्रोजेक्टरच्या पुस्तिकेतला थ्रो आकडा गुणिले पडद्याची रुंदी. १.५ असेल तर अठरा फूट.

मधेच वीज गेली तर?

दिव्याचा प्रोजेक्टर अचानक बंद पडला की थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही, पाच-दहा मिनिटं जातात. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही मिळून ४०० वॉटच्या आत असतात, त्यांना घरचा १ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची चांगली बॅटरी पुरते. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' बाजूला हवं. 'नॉर्मल'वर असेल तर बदलाच्या त्या क्षणात प्रोजेक्टर विझतो. स्पीकर जनरेटरवर ठेवा, इन्व्हर्टरवर लादू नका.

परवानगी लागते का?

सार्वजनिक खेळाला लागते, तिकीट नसलं तरी. घरी विकत घेतलेली डिस्क किंवा ओटीटीची वर्गणी खासगी बघण्यापुरती असते. हक्कधारक किंवा त्यांचा भारतातला वितरक यांच्याकडून खेळाचा लेखी परवाना घ्या. तारीख ठरवायच्या आधीच अर्ज करा. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील, तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. बाहेरच्या लोकांना बोलावलं की ती संपते.

मुलांना दाखवावा का?

दहा वर्षांच्या पुढे दोन्ही चालतील. जुन्यात ग्रंथालयातली म्हातारी एकदम अंगावर येते आणि खुर्चीतून हात बाहेर येऊन डेनाला धरतात, या दोन जागी लहान मुलं दचकतात. सिगारेटही फार ओढली आहे. नव्यात भीती कमी, पण कमरेखालचे विनोद आहेत.

यानंतर काय बघावं?

२०२१चा आणि २०२४चा भाग. दोन्ही १९८४च्याच जगात घडतात आणि २०१६ला मोजत नाहीत. २०२१चा जेसन रीटमन यांनी केला, मूळ दिग्दर्शक आयव्हन रीटमन यांच्या मुलानं. १९८९चा दुसरा भाग त्याआधी पाहिला नाही तरी अडत नाही, पहिला मात्र पाहिलेला हवाच.